फेस आला म्हणजे जंतू मेले?

पत्र

ताई, माझं वय ६८. गेल्या आठवड्यात नातू सायकलवरून पडला. गुडघा चांगलाच फुटला, कोपरही खरचटलं. मी नेहमीसारखी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि जखमेवर ठेवला. पांढरा फेस आला, पोर ओरडलं. मी म्हटलं, थोडं सोस, जंतू मरतायत. तेवढ्यात सून आली. तिनं बोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि पोराला नळाखाली नेलं. म्हणाली, "आई, हे आता कुणी जखमेवर वापरत नाही, यानं जखम भरायला उशीर होतो." मी गप्प बसले, पण मनाला लागलं. माझी तीन मुलं याच बाटलीवर वाढली, एकाचीही जखम कधी चिघळली नाही. फेस तर डोळ्यांना दिसतो, मग औषध लागू पडत नाही असं कसं म्हणायचं? आणि नुसत्या पाण्यानं जंतू मरतात का? आज सहा दिवस झाले. खपली धरली आहे, पण कडेला ओल दिसते. मधे दोनदा सून कामावर गेल्यावर मी पेरॉक्साइड लावलं, ते तिला सांगितलेलं नाही. माझं चुकलं का?
– एक आजी

उत्तर

मावशी,

आधी तुमच्या जिवाला लागलेला घोर कमी करते. दोन-तीनदा बोळा लावल्यानं नातवाच्या गुडघ्याचं कायमचं काही बिघडलेलं नाही. फार तर जखम भरायला थोडे दिवस जास्त लागतील. पण आजपासून ती बाटली जखमेवर पुन्हा लावू नका. सून बरोबर सांगते आहे. आणि तुम्ही जे करत होतात त्यालाही एके काळी भक्कम कारण होतं, म्हणून दोन्ही बाजू नीट सांगते.

सुरुवात फेसापासूनच करू, कारण सगळा विश्वास त्या फेसावर उभा आहे. बाटली हाताशी असेलच. तळहाताच्या धडधाकट कातडीवर एक थेंब टाकून बघा. जवळजवळ काहीच होणार नाही. आता रक्ताचा वाळलेला डाग असलेल्या एखाद्या कापडावर थेंब टाका. लगेच फसफसून वर येईल. तळहातावर जंतू भरपूर असतात, तरी तिथे फेस नाही, आणि कापडाला जखम झालेली नसूनही तिथे फेस आहे. म्हणजे फेस जंतूंमुळे येतो हा हिशेब इथेच चुकतो.

फेस येतो तो रक्तामुळे आणि फाटलेल्या पेशींमुळे. आपल्या पेशींमध्ये कॅटालेज नावाचं एक विकर असतं. पेरॉक्साइड म्हणजे पाण्याच्या रेणूला ऑक्सिजनचा एक जास्तीचा अणू चिकटलेला. कॅटालेज तो अणू सोडवतं. मागे उरतं पाणी आणि बाहेर पडतो ऑक्सिजन वायू. या कामात त्याचा हात धरणारं दुसरं विकर क्वचितच सापडेल, त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू मोडतो. घरात ठेवतात त्या ३ टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमधून साधारण १० मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. काही बाटल्यांवर '१० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. तुम्हाला दिसतो तो पांढरा फेस म्हणजे या ऑक्सिजनचे बुडबुडे.

आता यातली एक गोष्ट ऐका, मला ती शिकताना फार विलक्षण वाटली होती. जखमेत पू करणाऱ्या जंतूंमध्ये स्टॅफिलोकोकसचा नंबर अगदी वरचा. या जंतूकडे स्वतःचं कॅटालेज असतं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूकडे ते नसतं. प्रयोगशाळेत या दोघांमधला फरक ओळखायला काचपट्टीवर थोडे जंतू घेतात आणि त्यावर पेरॉक्साइडचा थेंब सोडतात. फेस आला तर स्टॅफिलोकोकस, नाही आला तर स्ट्रेप्टोकोकस. म्हणजे जंतूंमुळे फेस येतोच कधी, तर तो जंतू औषध मोडून टाकत असतो म्हणून. जखमेवर जितका जास्त फेस, तितकं औषध लवकर संपतंय, असं समजा.

मग पेरॉक्साइड जंतू मारतच नाही का? मारतं. चिमटा, कात्री, फरशी, टेबल अशा ठिकाणी, जिथे रक्त नाही आणि ते काही मिनिटं ओलं राहू शकतं, तिथे ते चांगलं जंतुनाशक आहे. जखमेत त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

बरं, काम होत नाही एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, लावा, मनाचं समाधान. पण ते त्या थोड्या वेळात जे करतं त्याची किंमत जखम मोजते. खरचटलेल्या जागी नवी कातडी कशी येते ते डोळ्यांसमोर आणा. जखमेच्या काठावरच्या पेशी एकेक करून आत सरकायला लागतात. खाली दुसऱ्या पेशी नवं मांस विणत असतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घाण आणि जंतू गिळत फिरत असतात. पेरॉक्साइडला जंतू कोण आणि या पेशी कोण हे कळत नाही. ते सगळ्यांनाच भाजतं. बोळा उचलल्यावर जखमेभोवतीची कातडी थोडा वेळ पांढरीफटक दिसते, ते तुम्ही पाहिलं असेल. कातडीत शिरलेल्या बारीक बुडबुड्यांमुळे ती तशी दिसते. नातू ओरडला तोही उगाच नाही.

मला एक गृहस्थ आठवतात. पायरीवर नडगी आपटून चांगलं वीतभर खरचटलं होतं. काळजी घेणारा माणूस, सकाळ-संध्याकाळ न चुकता पेरॉक्साइडनं जखम धुवायचे. दर वेळी फेसाबरोबर नुकतीच धरलेली पातळ खपली सुटायची आणि खाली लालबुंद, ओली जागा उघडी पडायची. ती ओल पाहून त्यांना वाटायचं जंतू आहेत, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. आमच्याकडे आले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. आम्ही नवं औषध काही दिलं नाही. बाटली बंद केली, पाण्यानं धुऊन पट्टी झाकून ठेवायला सांगितलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा काठावरून फिकट गुलाबी, चकचकीत कातडी आत सरकलेली दिसत होती. त्यांनी ती बोटानं दाखवली तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून लक्षात आहे.

जंतुनाशक जखमेलाच नडतं, हे काही आजचं शहाणपण नाही. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग, ज्यांनी पुढे पेनिसिलिन शोधलं तेच, फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी रुग्णालयात होते. जखमांत त्या काळची जहाल जंतुनाशकं ओतली जायची आणि तरी जखमा सडायच्या. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी घेतली, तापवून तिला सगळीकडून काट्यांसारखी पोकळ टोकं काढली, म्हणजे गोळ्यांनी चिंधड्या झालेल्या जखमेतले कोनेकोपरेच. त्यात जंतू भरले आणि जंतुनाशकानं नळी धुतली. मधला भाग स्वच्छ झाला. टोकांमधले जंतू तसेच राहिले आणि पुन्हा वाढले. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या आधी मरत होत्या. जखमेतला आपला पहारेकरीच आपण मारतोय, हे त्यांनी त्या धामधुमीत ओळखलं होतं.

तरी ही बाटली घराघरांत पोचली ती कुणाच्या मूर्खपणानं नाही. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८ मध्ये पेरॉक्साइड शोधलं. पुढे अँटिबायोटिक नसलेल्या काळात साध्या जखमेनंही माणसं दगावत. धनुर्वाताचे जंतू ऑक्सिजन असलेल्या जागी वाढत नाहीत हे माहीत झालं होतं, तेव्हा ऑक्सिजन सोडणारं द्रव जखमेत घालावं हा विचार अगदी सरळ होता. फेसाबरोबर माती वर येते, हेही खरंच. पण धनुर्वाताचे बीजाणू भलते चिवट. क्षणभराच्या फेसानं त्यांचा भरवसा देता येत नाही. धनुर्वातापासून वाचवते ती लस. नातवाच्या लसींचं कार्ड काढून बघा. वयाप्रमाणे सगळे डोस झाले असतील तर काळजी नको. मोठ्यांसाठी लक्षात ठेवायचं ते असं: शेवटच्या डोसला १० वर्षं झाली असतील तर स्वच्छ जखमेलाही डोस लागतो, आणि जखम मातीनं, शेणानं, गंजानं माखलेली असेल तर ५ वर्षं झाली तरी घ्यावा. तुमचा स्वतःचा शेवटचा डोस कधी झाला तेही आठवून बघा.

आपलं शरीर स्वतःच पेरॉक्साइड बनवतं, हे कळल्यावर तुम्हाला आणखी नवल वाटेल. पांढरी पेशी जंतूला गिळते आणि पोटातल्या छोट्या पिशवीत कोंडून त्याच्यावर ते सोडते, बाहेर सांडू देत नाही. २००९ मध्ये झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशाच्या पिल्लांवर केलेलं एक काम प्रसिद्ध झालं. शेपटीचं टोक कापल्यावर काही मिनिटांतच जखमेच्या काठावर पेरॉक्साइड वाढलं, आणि त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी तिथे धावत आल्या. म्हणजे ते शरीराचं हाक मारण्याचं साधनही आहे. पण ते प्रमाण अगदी सूक्ष्म. बाटलीतलं द्रावण त्याच्या हजारो पटींनी कडक असतं.

आता तुमची तीन मुलं. मावशी, त्यांच्या जखमा चिघळल्या नाहीत कारण तुम्ही हातातलं काम टाकून लगेच धावत होतात. माती पुसत होतात, स्वच्छ फडकं बांधत होतात, दुसऱ्या दिवशी उघडून बघत होतात. धडधाकट मुलांच्या साध्या जखमा एवढ्यावर बऱ्या होतात. त्यात तुमच्या हाताचं श्रेय मोठं आहे, बाटलीनं ते विनाकारण घेतलं.

पाण्यानं जंतू मरतात का, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं खरं उत्तर "नाही" असंच आहे. पाणी जंतू मारत नाही, वाहून नेतं. आणि साध्या जखमेला तेवढं पुरतं. थोडेफार जंतू राहिले तर पांढऱ्या पेशी बघून घेतात. त्यांना भारी पडते ती माती, कापडाचे धागे, मेलेली कातडी, कारण जंतू त्यात दडून वाढतात. कॉक्रेन या संस्थेनं जखमा धुण्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले आहेत. पिण्याजोग्या नळाच्या पाण्यानं धुतलेल्या जखमा सलाइननं धुतलेल्या जखमांपेक्षा जास्त चिघळतात असं त्यांत दिसलं नाही.

फक्त धुणं म्हणजे चार थेंब शिंपडणं नव्हे. आधी आपले हात साबणानं धुवायचे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून १० मिनिटं सलग दाबून धरायचं. मधेच उचलून बघितलं की धरू लागलेली गुठळी सुटते, आणि हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. रक्त थांबलं की जखम वाहत्या पाण्याखाली ५ ते १० मिनिटं धरायची. ५ मिनिटं घड्याळ लावून धरलीत की कळेल किती वेळ असतो तो. साबण जखमेभोवतीच्या कातडीला लावायचा, जखमेत घासायचा नाही. खड्याचे कण राहिले असतील तर स्वच्छ चिमट्यानं किंवा ओल्या गॉजनं हलकेच काढायचे. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू ओल्या जखमेत अडकतात. कण निघतच नसतील तर डॉक्टरांकडे जायचं, कारण ते तसेच राहिले तर वरून कातडी भरते आणि निळसर-काळे ठिपके कायमचे राहतात.

मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारी पट्टी. इथे तुम्ही थबकाल हे मला ठाऊक आहे. "उघडी ठेव, वारं लागू दे, वाळू दे" हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या जखमा तपासल्या, काही उघड्या ठेवलेल्या, काही पातळ पडद्यानं झाकलेल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. कारण समजायला सोपं आहे. काठावरच्या पेशींना सरकायला ओल लागते. कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट खणत जावं लागतं. पट्टी रोज एकदा, किंवा भिजली-मळली की लगेच बदलायची.

दुसरं कुठलं जंतुनाशक लावू का, असं तुमच्या मनात येईल. साध्या खरचटण्याला लागत नाही. फार मळकी जखम असली तर धुऊन झाल्यावर एकदा पोव्हिडोन आयोडीन लावलं तर चालतं, मात्र रोज नको, आणि आयोडीन सोसत नसेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. स्पिरिट उघड्या जखमेवर कधीच नाही.

पेरॉक्साइडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अगदी पक्की मनात ठेवा. खिळा घुसल्यासारखी खोल, तोंड लहान असलेली जखम असेल तर सिरिंजनं किंवा दाबानं ते आत घालू नये. एका मिलिलिटरचा १० मिलिलिटर वायू होतो, हे वर सांगितलंच. आत कोंडलेला तो वायू रक्तात शिरू शकतो. शस्त्रक्रियांमध्येसुद्धा असे जिवावरचे प्रसंग घडले आहेत. अशी जखम पाण्यानं धुऊन डॉक्टरांनाच दाखवायची. केस रंगवायला वापरतात ते ६, ९, १२ टक्क्यांचं किंवा ३५ टक्क्यांचं तीव्र द्रावण तर कातडीला लागूच देऊ नका. ३५ टक्क्यांच्या थोड्याशा घोटानंही माणसाचा जीव जाऊ शकतो. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. मूल प्यायलंच तर ओकारी काढायला लावू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि कुत्रं, मांजर, माकड कुणीही चावलं, नुसता ओरखडा काढला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लशीसाठी जायचं. रेबीजच्या विषाणूवर साबण खरोखर काम करतो, म्हणून इथे जखमेतही साबण चालतो, चोळूनसुद्धा. हा एकच अपवाद.

घरी थांबू नये अशा जखमा तुम्हाला अनुभवानं कळतात, तरी सांगते. तोंड उघडं राहणारी, १० ते १५ मिनिटं दाबूनही रक्त न थांबणारी, चेहऱ्यावरची, सांध्यात खोल गेलेली, आत काच किंवा काटा राहिल्यासारखी वाटणारी. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची तर लहानशीही.

आता नातवाचा गुडघा. सहाव्या दिवशी कडेला पातळ, पाण्यासारखं किंवा किंचित पिवळसर काही दिसत असेल तर घाबरू नका. गुडघा दिवसातून शंभरदा वाकतो, खपलीला चीर पडते आणि ओल येते. शिवाय त्या दोन बोळ्यांनी काठ थोडा मागे गेला असेल. पण दाट पू, वास, वाढता ठणका, हाताला लागणारी ऊब, ताप, किंवा मांडीकडे चढणारी लाल रेघ दिसली तर आजच डॉक्टरांकडे न्या.

यातलं काही नसेल तर आज रात्री खपली ओढून काढू नका. कोमट पाण्यात गॉज भिजवून ५ मिनिटं तिच्यावर ठेवा, सैल झालेला भाग आपोआप सुटेल तेवढाच सुटू दे. मऊ कापडानं टिपून घ्या, जेली, पट्टी. बाटली फेकायची गरज नाही. ती गडद रंगाची असते कारण उजेडानं पेरॉक्साइड मोडतं. दुसऱ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ओतून ठेवू नका, आत वायू साठतो. पांढऱ्या कपड्यावरचे रक्ताचे डाग काढायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. नातवाची त्या दिवशीची पँट पांढरी असेल आणि अजून डागाळलेली असेल तर तीच पहिली घ्या.

आणि सुनेला सांगा. "मी दोनदा लावलं होतं, आता नाही लावणार," एवढं पुरे. लपवू नका, कारण उद्या जखम लाल दिसली तर तिला खरं कारण माहीत असायला हवं, डॉक्टरांनाही तेच सांगावं लागेल. चुकलं का, असं विचारलंत. तुम्हाला जे खरं म्हणून शिकवलं गेलं ते तुम्ही जिवापाड केलंत. चुकलं असेल तर ते फक्त तिच्या माघारी केलंत एवढंच, आणि ते आज संध्याकाळी दुरुस्त होण्यासारखं आहे.

पट्टी बदलताना तिला जवळ बोलवा. जखमेभोवतीची लाली जिथे संपते तिथे दोघींनी मिळून बॉलपेननं कातडीवर गोल रेघ मारा. उद्या सकाळी लाली रेघेच्या आत असेल तर रोजची पट्टी चालू ठेवा. रेघेबाहेर गेली असेल तर शाळेत न पाठवता त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.